घाटातली फियाट आणि समृद्धीवरची मोटार

मलकापूरहून बुलढाण्याला जुन्या फियाटने आलेल्यांना राजूर घाट आठवत असेल. ऐन उन्हाळ्यात चढण चढताना ते 1089 सी.सी.चे इंजिन तापे. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला. उष्णतेने पेट्रोलची वाफ होई, वाफ काही त्या पंपाला ढकलता येत नसे, आणि मोटार गप्प! मग बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके टाकायचे आणि झाडाखाली जाऊन बसायचे. मोटार निवे, तिच्याबरोबर ड्रायव्हरही निवे.

आजच्या मोटारीचा पंप विजेवर चालतो आणि बहुधा टाकीतच बुडालेला असतो. वाफेची कटकट मिटली. शिवाय पट्टे आहेत, एअरबॅग आहेत. धडक झालीच तर जीव वाचण्याची आशा हिच्यातच अधिक, हे फियाटचे गोडवे गाणाऱ्यांनी (त्यांत आम्हीही आलो) मान्य करावे.

पण ही मोटार दमत नाही, म्हणून माणसालाही थांबवत नाही. मेहकर, सिंदखेडराजावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. हवा कमी असलेला टायर त्या वेगात सारखा दबून आतून तापतो आणि फुटतो. सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला झापड येते ती निराळीच. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बस उलटून पेटली. 25 प्रवासी गेले. त्या अपघाताचे कारण काहीही असो, दिवाळीला गावी येणाऱ्यांनी दर दोन तासांनी खाली उतरावे, चहा घ्यावा. टायरची हवा मात्र घरून निघतानाच पाहावी. टायर तापल्यावर काटा जास्तच दाखवतो.