आत्याच्या नावाची एक ओळ

महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले आहेत. त्यांत नावे वाचीत गेले की मधेच एक नाव येते. पुढे ‘शिक्षिका, अविवाहित’ एवढे दोनच शब्द, आणि ओळ संपते. वंशवृक्षाची फांदी थांबली की इतिहासही थांबला, अशी आपली समजूत दिसते. वास्तविक त्या ओळीच्या आधाराने पुष्कळदा सबंध घर उभे राहिलेले असते.

स्वातंत्र्योत्तर काळात मध्यमवर्गीय घरांतील थोरल्या मुली शाळा, टपाल-तार खाते, बँका व सरकारी कचेऱ्या यांत नोकरीस लागल्या. वडिलांची निवृत्ती वा अकाली निधन, पाठच्या भावंडांची शिक्षणे, बहिणींची लग्ने अशी निकड असे. ‘यंदा नको, पुढील वर्षी पाहू’ असे म्हणता म्हणता वय उलटून जाई. फाळणीने निर्वासित झालेल्या बंगाली कुटुंबातील अशीच मिळवती मुलगी ऋत्विक घटक यांनी १९६० साली ‘मेघे ढाका तारा’ या चित्रपटात दाखविली. ती पाहताना मराठी प्रेक्षकालाही आपल्याच घरातील कोणी आठवावे.

कायद्यानेही तिला अर्धीच जागा दिली होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २३ व्या कलमानुसार अविवाहित मुलीस वडिलांच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क होता. मात्र पुरुष वारसांनी वाटणी करावयाचे ठरविल्याखेरीज तिला आपला हिस्सा वेगळा मागता येत नसे. हे कलम २००५ साली रद्द झाले. उलट, मृत्युपत्र न करता ती निवर्तली आणि आईवडील हयात नसले, तर तिची मिळकत वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे बहुधा भाऊ-बहिणी व भाचरांकडेच, जाते. जिच्या हिश्शाला घराने थांबावयास लावले, तिची शिल्लक मात्र विनासायास घरात येते.

माझी आत्या वारली तेव्हा तेराव्या दिवशी सर्वांनी तिच्या त्यागाचे गोडवे गाइले. मात्र ती कोणत्या हुद्द्यावरून निवृत्त झाली, हे आम्हा पाच भाचरांपैकी एकालाही सांगता येईना. आमच्या फीच्या पावत्या तिच्या ट्रंकेत नीट लावून ठेवलेल्या सापडल्या; तिच्या कचेरीविषयी आम्ही कधी विचारलेही नव्हते.

‘त्याग’ हा शब्द येथे फार सोयीचा ठरतो. त्याग म्हटला की ऋण उरत नाही, केवळ आदर उरतो. ज्याची निवड करण्याची संधीच मिळाली नाही, त्याला त्याग कसे म्हणावे? आणि जिने एकटे राहणे स्वतःहून पत्करले, कामात आनंद मानला, तिच्यावर हा शब्द लादणे हाही अन्यायच होय. दोघींपैकी आपली आत्या कोणती, हे तिला विचारल्यावाचून कळणार नाही.

अशा अनेक स्त्रिया आज निवृत्तिवेतनावर, भावाच्या घरातील एका खोलीत वा एकट्या राहत आहेत. त्यांच्यापाशी बसून त्यांची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकावी. कोठे शिकल्या, काय काम केले, कोणाकोणाची शिक्षणे केली, हे लिहून ठेवावे. त्यांची राहती खोली त्यांच्या हयातीपर्यंत कागदोपत्री निर्वेध करावी. कुलवृत्तांताची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा निदान ती ओळ तरी पुरी असावी.