यान रिकामं आणलं, तेच बरोबर!

५ जून २०२४ ला बोइंगचं नवं स्टारलायनर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन आठवडाभराच्या चाचणीला निघालं. हेलियम गळायला लागला, २८ पैकी ५ थ्रस्टर बंद पडले. चार परत सुरू झाले, पण भरवसा बसेना. नासाने सप्टेंबरमध्ये यान रिकामंच उतरवलं. ते सुखरूप उतरलं! दोघं मात्र मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून परतले.

मग नासा उगाच घाबरली का? अजिबात नाही. निर्णय त्या वेळच्या माहितीवर तोलायचा, नंतरच्या निकालावर नाही.

समजा, चिखलीत तुमचा लोणच्याचा धंदा आहे, लग्नाची ऑर्डर उद्यावर आलीय आणि एका लॉटबद्दल शंका आहे. पाठवू नका. पैसे बुडतील, बुडू द्या. गिऱ्हाइकाच्या जिवावर आपल्या मालाची चाचणी करायची नसते.