‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांआड

सकाळी साडेदहाची वेळ. खिडकीसमोर पंधरा-वीस माणसे ताटकळत उभी असतात आणि काचेवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर दोनच शब्द असतात, ‘सर्व्हर डाऊन’. कोणाला मुलाच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा असतो, कोणाला एक-चौदाचा उतारा, तर कोणी घरपट्टी भरायला आलेला असतो. दूरच्या वाड्यावरून पहिली कदंब धरून आलेल्या माणसाचा दिवसाचा रोजगार तर बुडालेलाच असतो. ‘नेटवर्क केव्हा येईल?’ या त्याच्या प्रश्नाला खिडकीपलीकडून ‘सांगता येत नाही, उद्या येऊन बघा’ असे उत्तर मिळते. पंचायत असो, मामलेदार कचेरी असो वा गावची सहकारी पतसंस्था, हे दृश्य गोमंतकात आता इतके सवयीचे झाले आहे की त्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाही.

तक्रार करायला हवी ती नेटवर्क बंद पडल्याची नव्हे. यंत्रे बिघडतातच. तक्रारीचा विषय आहे तो ‘सांगता येत नाही’ हे उत्तर. बिघाड नेमका कोठे आहे हे पाच-सहा संगणकांच्या कार्यालयाला सांगता येत नसेल, तर तो केवळ तंत्रज्ञानाचा दोष राहत नाही, तो कारभाराचा दोष ठरतो.

‘सर्व्हर डाऊन’ हे निदान नव्हे. त्या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळे बिघाड एकत्र कोंबले जातात. संगणकाची केबल सैल झालेली असू शकते. सर्व संगणकांना जोडणारा स्विच बंद पडलेला असू शकतो. संगणकांना पत्ते वाटून देणारा राऊटर अडलेला असू शकतो. बाहेरून येणारी फायबरची लाईन तुटलेली असू शकते. आणि या चारही गोष्टी ठीक असल्या तरच पणजीतील किंवा दिल्लीतील सर्व्हर खरोखर बंद असण्याची शक्यता उरते. यांपैकी पहिले तीन दोष कार्यालयाच्या चार भिंतींच्या आतले आहेत. तरीही पाटी लागते ती पाचव्याची, कारण दूरच्या सर्व्हरवर दोष ढकलला की इथल्या कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

दोष शोधण्याची रीत मुळात अवघड नाही. ती जवळून सुरू करून लांब जाण्याची आहे. पहिला प्रश्न असा की बंद एकच संगणक आहे की सगळे? एकच असेल तर दोष त्या टेबलापुरता आहे. एका खोलीतले सगळे बंद आणि शेजारच्या खोलीतले चालू असतील, तर त्या खोलीच्या स्विचकडे पाहावे. सगळेच बंद असतील तर राऊटर आणि बाहेरची लाईन तपासावी. पुढची पायरी डोळ्यांनीच पाहण्याची. केबल जेथे खोचली जाते तेथला लहान दिवा पेटतो का, फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला आहे का, हे पाहायला अभियंता लागत नाही. लाल दिवा असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही, म्हणजे काम लाईन पुरवणाऱ्या कंपनीचे.

दिवे ठीक असतील तर संगणकाला मिळालेला पत्ता पाहावा. विंडोज संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की तो आकडा दिसतो. आकड्याची सुरुवात १६९.२५४ अशी असेल तर राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि संगणकाने स्वतःपुरता एक पत्ता ठरवून घेतला आहे, असा त्याचा अर्थ होतो. पत्ता योग्य असेल तर राऊटर ‘पिंग’ला उत्तर देतो का आणि त्यापलीकडचा एखादा आकडी पत्ता उत्तर देतो का, हे क्रमाने पाहायचे. आकड्याने पोहोचता येते पण संकेतस्थळाच्या नावाने नाही, असे दिसले तर नावाचे आकड्यात रूपांतर करणारी डीएनएस सेवा अडली आहे. आणि इतर सगळी संकेतस्थळे उघडतात, फक्त खात्याचे पोर्टल उघडत नाही, तेव्हाच ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार कार्यालयाला मिळतो. ही सारी तपासणी सवय असलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत करता येते.

ती होत नाही, कारण तिच्या जागी दोन घातक सवयी रुजल्या आहेत. पहिली म्हणजे काहीही झाले की सगळे बंद करून पुन्हा चालू करणे. त्याने कित्येकदा काम होते, हे खरे. पण अनेक साध्या राऊटरांमधली नोंद वीज जाताच पुसली जाते आणि बिघाडाचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. दुरुस्ती झाल्यासारखी वाटते आणि आठवड्याने तोच बिघाड परत येतो. दुसरी सवय त्याहून वाईट. राऊटरच्या मागचे बारीक छिद्र टाचणीने दाबले की तो केवळ पुन्हा चालू होत नाही, तर त्यातली सगळी मांडणी पुसून कारखान्यातून आला तसा कोरा होतो. लाईनचे वापरनाव आणि परवलीचा शब्द कागदावर नसेल, तर तासाभराचा बिघाड दोन दिवसांचा होतो.

एका क्षुल्लक चुकीचा पसारा किती वाढू शकतो याचे बोलके उदाहरण लोंबत्या केबलचे आहे. टेबले हलवताना वा केर काढताना केबलचे एक टोक सुटलेले दिसते आणि कोणीतरी सद्‌हेतूने ते जवळच्या रिकाम्या छिद्रात खोचून देतो. दुसरे टोक आधीच त्याच स्विचमध्ये असेल तर वर्तुळ पूर्ण होते. सर्वांसाठी पाठवलेला एखादा संदेश त्या वर्तुळात फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात, कारण इथरनेटच्या संदेशाला किती फेऱ्यांनंतर थांबायचे हे ठाऊक नसते. काही क्षणांत स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत लुकलुकू लागतात आणि कार्यालय ठप्प होते. महागड्या स्विचांत अशी वर्तुळे तोडण्याची सोय असते, पण लहान कार्यालयांत सर्रास बसवल्या जाणाऱ्या साध्या स्विचांत ती बहुधा नसते.

पण केवळ महाग यंत्रे घेतल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या नामवंत रुग्णालयाचे नेटवर्क अशाच वर्तुळांच्या गोंधळातून कोसळले आणि सुमारे चार दिवस सावरले नाही. तेथे वर्तुळे तोडणारी व्यवस्था होती, पण वर्षानुवर्षे जोडण्या वाढत गेल्याने जाळे त्या व्यवस्थेच्या मर्यादेपलीकडे पसरले होते. रुग्णालयाने कागदाचा आधार घेतला आणि रुग्णसेवा चालू ठेवली. विशेष म्हणजे तेथील माहिती विभागाचे प्रमुख जॉन हलामका यांनी काय चुकले ते लपवले नाही, उघडपणे सांगितले. ती चूक म्हणूनच जगभरच्या तंत्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली. आपल्याकडे मात्र नेटवर्क सुरू झाले की पाटी काढली जाते आणि ते का बंद पडले होते हा प्रश्न पाटीबरोबरच केराच्या टोपलीत जातो.

गोव्याच्या हवामानामुळे ही बेफिकिरी अधिक महाग पडते. मे अखेरच्या वळवाच्या सरींत आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात विजेचा धक्का तांब्याच्या तारांतून थेट स्विचपर्यंत पोहोचतो. अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या इमारतींत असे स्विच जळतात. पावसाळ्यातली दमट, खारी हवा केबलच्या टोकांवर गंज चढवते आणि मग नेटवर्क पूर्ण बंद न पडता मधूनच जाते, मधूनच येते. हा बिघाड शोधायला सर्वांत कठीण. वीज गेल्यावर यूपीएसवर संगणक चालू राहतो, पण राऊटर आणि स्विच साध्या प्लगवर जोडलेले असल्याने नेटवर्क जाते, हाही नेहमीचा प्रकार. संगणकाच्या मानाने अगदी थोडी वीज खाणारी ही दोन यंत्रे यूपीएसवर घ्यायला वेगळी निविदा लागत नाही. लागते ती कोणीतरी मागच्या तारा पाहण्याची तसदी.

ती तसदी घेणार कोण, हा या प्रश्नाचा गाभा आहे. लहान कार्यालयात लाईन एका कंपनीची, संगणक आणि स्विच यांच्या देखभालीचे कंत्राट दुसऱ्याचे आणि पोर्टल तिसऱ्याचे असते. बिघाड झाला की तिघांत टोलवाटोलवी सुरू होते. या टोलवाटोलवीला उत्तर एका साध्या चाचणीत आहे. फायबरच्या डब्याला कार्यालयाचे जाळे काढून एकच चांगला लॅपटॉप योग्य मांडणीसह थेट जोडायचा. इंटरनेट चालले तर दोष आतला, न चालले तर बाहेरचा. ही चाचणी वेळेसह वहीत नोंदवली की कोणत्याही कंत्राटदाराला हात झटकता येत नाहीत. पण ती करण्याचा अधिकार कोणाकडे आहे हेच बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते. लोकांचा रोष झेलतो तो खिडकीवरचा कंत्राटी संगणकचालक. राऊटरचा परवलीचा शब्द त्याच्याकडे नसतो आणि कंपनीला जाब विचारण्याचा अधिकारही त्याला नसतो.

काही बिघाड खरोखरच कार्यालयाच्या हाताबाहेरचे असतात, हे मान्य केले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये अशा दोन घटना लागोपाठ घडल्या. १९ जुलैला क्राऊडस्ट्राईक कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. महिनाअखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या तंत्रसेवा कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला राष्ट्रीय पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरते तोडण्यात आले आणि सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे डिजिटल व्यवहार थांबले. अशा वेळी शाखेतला कर्मचारी बिघाड दुरुस्त करू शकत नाही, पण दोष आपल्या भिंतींच्या आत नाही हे तो खात्रीने सांगू शकतो आणि पर्यायी व्यवस्था उघडू शकतो. विमानतळावर हाताने पास लिहिता आले, कारण नेटवर्कशिवाय काम कसे चालवायचे याचा विचार तेथे झालेला होता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकच्या सेवा सहा तासांच्या आसपास बंद पडल्या, तेव्हा दुरुस्तीसाठी लागणारी कंपनीची अंतर्गत साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने अभियंत्यांची कोंडी झाली. कुलूपबंद कपाटाची किल्ली कपाटातच राहावी, तशी ती गत होती. आपल्या लहान कार्यालयांतही राऊटरचा परवलीचा शब्द ईमेलमध्ये आणि कंत्राटदाराचा तक्रार क्रमांक ऑनलाईन तक्त्यात असतो. नेटवर्क गेले की दोन्ही जातात. जाळ्याचा हाताने काढलेला नकाशा, तपासणीच्या पायऱ्या, तक्रार क्रमांक आणि बिघाडांची वही एवढे कागदावर हवे. परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाच्या कपाटात ठेवता येतील. जोडीला एक जादा स्विच आणि चार चांगल्या केबली. राज्यातल्या १९१ पंचायतींपैकी कोणत्याही पंचायतीला हा खर्च जड जाणारा नाही.

दाखल्याची पडताळणी ऑनलाईनच होते, मग कागदाचा उपयोग काय, असा आक्षेप यावर घेतला जाईल. दाखला त्या दिवशी मिळणार नाही, हे खरेच. पण अर्ज तरी घेता येतो. गोव्यात २०१३ पासून कालबद्ध सेवेचा कायदा आहे आणि अशा हक्काला अर्थ येतो तो अर्ज दाखल झाल्यावर. खिडकीवरून परतलेल्या माणसाचा अर्जच दाखल होत नाही, त्यामुळे त्याचा बुडालेला दिवस कोणत्याही विलंबाच्या हिशेबात येत नाही. नेटवर्क बंद असताना आवक क्रमांक टाकून कागदावर अर्ज स्वीकारण्याचे आणि पोच देण्याचे बंधन प्रत्येक कार्यालयावर घातले, तर नागरिकाची दुसरी खेप वाचेल आणि विलंबाची झळ प्रथमच कार्यालयालाही लागेल. मग मागच्या तारा कोण पाहणार, हा प्रश्न आपोआप सुटू लागेल.

तोवर निदान काचेवरचा कागद तरी बदलता येईल. बिघाड कशात आहे, केव्हापासून आहे, तक्रार कोणाकडे व किती वाजता नोंदवली आणि अर्ज कोणत्या खिडकीवर स्वीकारले जातील, एवढ्या चार ओळी त्यावर लिहिल्या जाव्यात. त्या चार ओळी लिहायच्या तर आधी बिघाड शोधावा लागेल.