अवशेष पाहिले, वारसदार दिसले नाहीत

मध्य अमेरिकेतील माया अवशेषांच्या ‘अभ्यास सहलीं’ची माहितीपत्रके एकापाठोपाठ एक वाचली, तर त्यांत एक विशेषण हमखास आढळते: ‘हरवलेली’. घनदाट अरण्य, त्यातून डोके वर काढणारे पिरॅमिड, गूढ कालगणना आणि इ.स. ९००च्या सुमारास एकाएकी अंतर्धान पावलेला समाज, असा या पर्यटनाचा ठरीव मसाला आहे. अमेरिकेतील विद्यापीठे आणि संग्रहालये आपल्या सभासदांसाठी अशा सहली वर्षानुवर्षे काढीत आली आहेत. अलीकडे मुंबई-पुण्याहून थेट मेक्सिकोपर्यंत जाणाऱ्या समूह-सहलींनीही चिचेन इत्झाचा पिरॅमिड आपल्या कार्यक्रमात घेतला आहे. कानकूनच्या किनाऱ्यावरील हॉटेलातून सकाळी निघायचे, उन्हात दोन तास फिरायचे, पिरॅमिडसमोर टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकायचा आणि संध्याकाळी पुन्हा समुद्र गाठायचा. एक प्राचीन संस्कृती पाहिल्याचे समाधान पदरी पडते. ज्यांची ती संस्कृती, ती माणसे मात्र वाटेत हातरुमाल आणि लाकडी मुखवटे विकत उभी होती, याची नोंद कोणाच्याही प्रवासवर्णनात सापडत नाही.

‘हरवलेली’ हा शब्द निरागस नाही. नवव्या शतकात दक्षिणेकडील सखल प्रदेशातील तिकालसारखी नगरे ओस पडली, हे खरे. दुष्काळ, राजघराण्यांतील युद्धे, जमिनीवरचा ताण अशी त्याची कारणे संशोधक देतात. परंतु नगरे ओस पडली म्हणजे समाज संपला, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रात बसतो? उत्तरेत चिचेन इत्झा आणि नंतर मायापान भरभराटीला आले. पेतेनच्या सरोवरातील नोहपेतेन ही इत्झा मायांची राजधानी स्पॅनिश फौजांच्या हाती पडली ती १६९७ साली. त्या वर्षी इकडे छत्रपती राजाराम महाराजांच्या जिंजीला मोगलांचा वेढा चालू होता. म्हणजे मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध रंगात आले असताना मायांचे शेवटचे स्वतंत्र राज्य आपल्या देवतांसह उभे होते. शाळेतल्या पुस्तकाने ज्यांना आठशे वर्षे आधीच पुरून टाकले, ते लोक तेव्हा लढत होते.

आज ते किती आहेत? एकट्या ग्वाटेमालाच्या २०१८च्या जनगणनेत ६२ लाखांहून अधिक लोकांनी आपली ओळख ‘माया’ अशी नोंदविली. देशाच्या लोकसंख्येचा हा ४१ टक्क्यांहून मोठा हिस्सा आहे. मेक्सिको, बेलीझ आणि होंडुरासमधील माया त्याखेरीज. ग्वाटेमालात २२ माया भाषा अधिकृतपणे मान्य आहेत आणि १९९० साली कायद्याने स्थापन झालेली माया भाषांची अकादमी त्यांचे काम पाहते. किचे मायांच्या डोंगरी गावांत २६० दिवसांची पवित्र कालगणना आजही चालते. दिवस मोजणारे आणि त्याचा गुणधर्म सांगणारे पुरोहित (त्यांच्या भाषेत ‘अहकिह’) बी-बियाणे पेरण्यापासून मुलाच्या जन्मापर्यंत सल्ला देतात. ज्याच्या घरात पंचांग भिंतीवर टांगलेले असते, त्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

मग ही संस्कृती ‘गूढ’ का झाली? कारण तिची ग्रंथालये जाळण्यात आली. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधील मानी या गावी फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो द लांडा याने मूर्ती आणि ग्रंथ यांची होळी पेटविली. त्याआधी गावोगावच्या मायांना छळून ‘मूर्तिपूजे’चे कबुलीजबाब घेण्यात आले होते. या ग्रंथांत सैतानाच्या असत्याखेरीज काही नव्हते म्हणून ते जाळले आणि त्यामुळे त्या लोकांना अतिशय दुःख झाले, असे लांडाने स्वतःच लिहून ठेवले आहे. हाच लांडा पुढे युकातानचा बिशप झाला. इझामालला प्राचीन मंदिराच्या चौथऱ्यावर, त्याच मंदिराच्या दगडांनी त्याने उभारलेला मठ आज पर्यटकांच्या छायाचित्रांचे आवडते स्थळ आहे आणि गावात त्याचा पुतळाही उभा आहे.

आगीतून वाचलेले, निर्विवाद अस्सल असे तीन माया ग्रंथ युरोपात आहेत आणि त्यांची नावे ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस अशी आहेत! ज्या शहरांत ते नेऊन ठेवले, त्या शहरांच्या नावांनी ते जगात ओळखले जातात. चौथा ग्रंथ दीर्घ वादानंतर २०१८ साली अस्सल ठरला आणि तो तेवढा मेक्सिकोत आहे. लांडाने आपल्या टिपणांत माया अक्षरांचा एक अर्धवट, चुकीचा समजलेला तक्ता लिहून ठेवला होता. सोव्हिएत संशोधक युरी क्नोरोझोव्ह याने १९५२ साली त्याच्याच आधारे लिपीवाचनाची दिशा दाखविली. पाश्चात्त्य विद्वत्तेने, विशेषतः एरिक थॉम्पसन यांनी, ती वर्षानुवर्षे अव्हेरली. ग्रंथ जाळणाऱ्याच्या वहीवरून जळालेल्या ग्रंथांची लिपी वाचावी लागली. तरीही ‘मायांनी आपले रहस्य सोबत नेले’ असे वाक्य सहलीच्या बसमध्ये ऐकविले जातेच.

न्यायासाठी एवढे सांगितले पाहिजे की त्या धर्मसंस्थेतील सगळेच लांडा नव्हते. चियापासचे बिशप बार्तोलोमे द लास कासास यांनी मूळ रहिवाशांच्या गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचले. ‘पोपोल वुह’ हा किचे मायांचा सृष्टिग्रंथ फादर फ्रान्सिस्को हिमेनेझ याने अठराव्या शतकाच्या आरंभी उतरवून घेतला, म्हणून तो उरला. मात्र ती प्रतही आज शिकागोच्या ग्रंथालयात आहे, हेही विसरता येत नाही.

ग्रंथांचे जे झाले तेच स्थळांचे. अमेरिकन प्रवासी जॉन लॉइड स्टीफन्स याने १८३९ साली कोपानचे अवशेष पन्नास डॉलरला विकत घेतले. ही कथा मार्गदर्शक गमतीने सांगतात आणि श्रोते हसतात. निदान स्टीफन्सने ही नगरे तेथील रहिवाशांच्याच पूर्वजांनी बांधली, असे ठामपणे लिहिले होते. त्यानंतर आलेल्या अनेकांना ती इजिप्तची, अटलांटिसची, अगदी परग्रहवासीयांचीही वाटली. तेवढी मायांची वाटली नाहीत. अमेरिकेचा वाणिज्य प्रतिनिधी एडवर्ड थॉम्पसन याने चिचेन इत्झाची जमीन १८९४ साली खरेदी केली आणि तेथील पवित्र कुंडाचा तळ उपसून काढलेल्या वस्तू हार्वर्डच्या संग्रहालयात पाठविल्या. पूजेत अर्पण केलेली वस्तू पाण्यातून उपसणे याला पुरातत्त्व म्हणायचे की देवाची चोरी, हा प्रश्न विचारण्याची तेव्हा कोणाला गरज भासली नाही. त्या वस्तूंपैकी काही पुढे परत आल्या. पिरॅमिडखालची जमीन मात्र २०१०पर्यंत एका खासगी कुटुंबाच्या मालकीची होती आणि त्या वर्षी युकातान राज्याने ती २२ कोटी पेसो मोजून घेतली. अजिंठ्याची लेणी १८१९ साली एका ब्रिटिश अधिकाऱ्याने ‘शोधली’, असे शिकत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला या भाषेची चांगली ओळख आहे.

आणि स्थानिकांनी आपला हक्क मागितला तर? चियापासमधील चिनकुल्तिक येथे २००८ साली गावकऱ्यांनी अवशेषांच्या प्रवेशद्वाराचा ताबा घेतला. स्थळाची देखभाल नीट होत नाही, ती आम्ही करू आणि प्रवेशशुल्क गावाच्या हाती राहील, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला पोलिसी कारवाईत सहा गावकरी मारले गेले. देवस्थानाचा कारभार सरकारच्या हाती आणि भक्त दाराबाहेर, ही व्यवस्था भारतातील अनेक हिंदू मंदिरांनी अनुभवली आहे. तिची ही रक्तरंजित आवृत्ती होती. डिसेंबर २०२३ मध्ये धावू लागलेल्या पर्यटक रेल्वेला तर ‘माया रेल्वे’ हेच नाव दिले गेले. त्या मार्गाविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत माया गावेही होती, आणि त्यांच्याशी केलेली सल्लामसलत आंतरराष्ट्रीय निकषांना उतरत नाही, असा आक्षेप संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०१९ सालीच नोंदविला होता. नाव त्यांचे, गाडी दुसऱ्यांची.

अभ्यास सहलीचा सर्वांत मोठा अपराध मात्र वेगळाच आहे. ती नवव्या शतकातील विनाशावर तासभर व्याख्यान देते आणि विसाव्या शतकातील विनाशाबद्दल अवाक्षर काढीत नाही. ग्वाटेमालातील ३६ वर्षांच्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, असे संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली नमूद केले आणि १९८१ ते १९८३ या काळातील लष्करी मोहिमांत वंशसंहाराची कृत्ये घडल्याचा निष्कर्ष काढला. त्या काळातील हुकूमशहा एफ्राइन रिओस मोंत हा कॅलिफोर्नियातील एका इव्हँजेलिकल संघटनेशी जोडलेल्या चर्चचा सभासद होता. रविवारी रात्री दूरचित्रवाणीवर तो राष्ट्राला नीतीचे प्रवचन देई आणि त्याच काळात इशिल मायांची गावे जळत. अमेरिकेतील नामांकित धर्मप्रचारक त्याचे गोडवे गात होते. मे २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरविले. दहा दिवसांत वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला. फेरखटला पुरा होण्यापूर्वीच २०१८ साली तो मरण पावला. या अत्याचारांचा अहवाल सिद्ध करणारे कॅथलिक बिशप हुआन हेरार्दी यांचीही अहवाल प्रसिद्ध झाल्यावर दोनच दिवसांत, एप्रिल १९९८ मध्ये, हत्या झाली होती. तेव्हा हा प्रश्न कोणत्या पंथाचा माणूस चांगला, एवढा सोपा नाही. दुसऱ्याच्या देवाला सैतान ठरविणारी दृष्टी शस्त्राशी हातमिळवणी करते तेव्हा काय होते, असा तो आहे.

ती दृष्टी जुनी झाली, असे म्हणावे तर जून २०२० समोर येतो. पेतेनमध्ये, तिकालच्याच प्रांतात, दोमिंगो चोक चे या केक्ची मायांच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाला आणि वनौषधींच्या जाणकाराला जादूटोण्याचा आरोप ठेवून जमावाने जिवंत जाळले. हा माणूस लंडनच्या विद्यापीठातील संशोधकांसमवेत औषधी वनस्पतींवर काम करीत होता. मानीची होळी आणि ही होळी यांत ४५८ वर्षांचे अंतर आहे. तिकालला जाणाऱ्या किती बसगाड्यांत त्याचे नाव उच्चारले जाते?

त्याऐवजी ‘जिवंत संस्कृती’ म्हणून दाखविले जाते ते काय? हॉटेलच्या अंगणात पिसांचा मुकुट घातलेले नर्तक आणि बाजारातील रंगीत कापड. २१ डिसेंबर २०१२ रोजी जगबुडी होणार म्हणून जो बाजार मांडला गेला, त्याला माया पुरोहितांनी त्याच वेळी विरोध केला होता. एका कालचक्राची पूर्तता आणि दुसऱ्याचा आरंभ एवढाच त्याचा अर्थ होता. ग्वाटेमालातील माया स्त्रिया आपल्या हातमागावर ‘विपील’ विणतात आणि त्यातील नक्षी गावागणिक वेगळी असते. त्या नक्षीची नक्कल करून कारखानदार माल विकतात आणि पर्यटनाच्या जाहिरातींत याच स्त्रियांचे चेहरे झळकतात, परंतु त्यांच्या पदरी काही पडत नाही. म्हणून या विणकर स्त्रियांनी नक्षीवरील सामूहिक मालकीचा प्रश्न देशाच्या संविधान न्यायालयापर्यंत नेला. पैठणीची यंत्रमागी नक्कल पाहणाऱ्या येवल्याच्या विणकराला त्यांचे दुःख भाषांतराशिवाय कळेल.

येथे आपल्याकडील उत्साही मंडळींनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. १९४० साली चमनलाल यांचे ‘हिंदू अमेरिका’ हे पुस्तक निघाले, तेव्हापासून माया म्हणजे मयासुराचे वंशज, पिरॅमिड म्हणजे आपली मंदिरे, असे सांगण्याची हौस फिटलेली नाही. नामसाम्यापलीकडे याला आधार नाही. मायांच्या दीर्घ कालगणनेचा आरंभ इ.स.पू. ३११४ आणि कलियुगाचा परंपरागत आरंभ इ.स.पू. ३१०२ ही जवळीक मनोरंजक आहे. पण दोन समाजांनी आकाशाकडे स्वतंत्रपणे पाहिले, हे मान्य करण्यात हिंदूंचे काय कमी होते? शून्याचा वापर मायांनी स्वतःच्या बुद्धीने केला. त्यांच्या कर्तृत्वावर आपली मोहोर उमटविणे आणि ते परग्रहावरून आले असे सांगणे, यांत त्या माणसांच्या दृष्टीने फरक काय उरतो? ज्यांचे सारे हिरावले गेले, त्यांच्या पूर्वजांवर तरी आपण हक्क सांगू नये. नाते सांगायचेच असेल तर ते आघाताचे आणि टिकून राहण्याचे सांगावे. चिचिकास्तेनांगोच्या सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर आजही माया स्त्री-पुरुष धूप जाळतात; ते चर्च जुन्या मंदिराच्या चौथऱ्यावर उभे आहे, हे त्यांना ठाऊक असते.

तेव्हा महाराष्ट्रातून जाणाऱ्या गटांनी पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना काही प्रश्न विचारावेत. मार्गदर्शक माया भाषा बोलणारा आहे काय? कानकूनला चार रात्री असतील, तर ग्वाटेमालाच्या डोंगरी गावांत एक तरी आहे काय? आतित्लान सरोवराकाठी सान हुआन ला लागुना येथे त्सुतुहिल स्त्रियांच्या सहकारी विणकाम संस्था आहेत. खरेदी तेथे होणार की विमानतळावरच्या दुकानात? तिकालच्या चौकात अग्निविधी चालू असेल, तर चपला आणि छायाचित्रक बाजूला ठेवून थांबायला कार्यक्रमात वेळ राखला आहे काय? या प्रश्नांची उत्तरे कोरी आली, तर सहलीच्या नावातील ‘अभ्यास’ हा शब्द आयोजकांनी काढून टाकावा आणि तिकिटाचे दर तेवढे कमी करावेत.