दिसणारा रेडिओ, ऐकणारा रेडिओ

अलीकडे नाशिकमध्ये कुणाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलं, की दिवाणखान्यात काही वस्तू ठरल्यासारख्या दिसतात. पितळी घंगाळात पाणी आणि त्यावर तरंगणारी झेंडूची फुलं, कोपऱ्यात आजीचं जातं आणि भिंतीतल्या कोनाड्यात एक जुना रेडिओ. पाहुणे रेडिओजवळ थबकतात, ‘आमच्याकडेही होता हो अस्सा!’ म्हणतात. बिनाकाची आठवण निघते, अमीन सयानींच्या आवाजाची नक्कल होते. रेडिओ मात्र गप्प असतो. कधी बोललाच, तर मोबाइलमधली गाणी वाजवतो. कारण त्याच्या पोटातलं सगळं काढून तिथं ब्लूटूथचा स्पीकर बसवलेला असतो. यजमान कौतुकानं सांगतात, ‘रिस्टोअर करून घेतला.’

माझी तक्रार या शब्दाबद्दल आहे. खोकं घासूनपुसून चकाकी आणली, आत दिवा लावला, तर ती रंगरंगोटी झाली. रेडिओ दुरुस्त झाला असं केव्हा म्हणावं? हवेतून येणारं काहीतरी त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं म्हणजे. बोलणं हे त्याचं दुसरं काम, पहिलं काम ऐकणं. आणि हे ऐकणं परत आणण्याची विद्या ज्यांच्या हातात आहे, अशी माणसं आता शोधावी लागतात. रेडिओ जपायचे असतील तर आधी ही माणसं जपली पाहिजेत, एवढंच मला आज सांगायचं आहे.

हे मत कशावरून झालं, ते सांगतो. वडिलांनी १९७२ साली घेतलेला तीन बँडचा एक पोर्टेबल रेडिओ आमच्या घरी आहे. एक मीडियम वेव्ह, दोन शॉर्ट वेव्ह, चार मोठे सेल, चामड्याचं कव्हर आणि खांद्याला अडकवायचा पट्टा. त्याच्या लायसन्सचं पुस्तकही वडिलांनी जपून ठेवलं होतं. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागे. दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरावी लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली.

पुणे केंद्रानं १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक गीत याप्रमाणे ऐकवलेलं ‘गीतरामायण’ माझ्या जन्माआधीचं. ते ऐकायला पंचवटीत लोक रेडिओवाल्याच्या ओट्यावर कसे जमत, हे आत्याकडून ऐकलेलं. आमच्या तीन बँडच्या वाट्याला आले ते मुंबई केंद्रावरचे टेकाडे भावजी, बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, क्रिकेटची कॉमेंट्री आणि बातम्या. पुढं टीव्ही आला, रेडिओ माळ्यावर गेला. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर माळा आवरला, तेव्हा तो पुन्हा हातात आला.

२०१९च्या दिवाळीआधी मी तो रविवार कारंज्याच्या मागच्या बोळातल्या एका मेकॅनिककडे नेला. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी झाकण उघडलं, सेल घातले, कान लावला आणि म्हणाले, ‘साहेब, हा मेलेला नाही, बहिरा झालाय.’

आधीची कामं भराभर झाली. सेल पाझरून हिरव्या झालेल्या पत्र्या घासल्या. सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले. आवाजाच्या बटणाची खरखर साफ केली. काटा ओढणारी दोरी कुजली होती, ती नवी ओवली. एक ट्रान्झिस्टर बदलावा लागला. त्या काळच्या काही जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या पत्र्याच्या डबीत वर्षानुवर्षांनी कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतल्या आत शॉर्ट होतं. रेडिओ बोलू लागला. पण मुंबई दबक्या आवाजात लागली आणि काट्यावर भलत्याच ठिकाणी. शॉर्ट वेव्हवर नुसती फुसफुस. मला वाटलं, झालं एवढं पुष्कळ. भाऊ म्हणाले, ‘आत्ता कुठं काम सुरू होतंय. अलाइनमेंट राहिलीय.’

अलाइनमेंट म्हणजे जुळणी. ती काय असते, ते थोडं समजून घेण्यासारखं आहे. रेडिओत हवेतून शेकडो लहरी एकदम येतात. त्यांतली हवी ती एक निवडायची आणि लाखपटीनं मोठी करायची, हे काम प्रत्येक लहरीसाठी वेगळं करणं अवघड. म्हणून रेडिओ एक युक्ती करतो. तो स्वतःच्या पोटात आणखी एक लहर तयार करतो आणि आलेल्या लहरीत मिसळतो. दोन्हींतला फरक नेहमी एकच यावा, अशी त्याची रचना असते. या प्रकारच्या संचांत हा फरक बहुधा ४५५ किलोहर्ट्झ. मुंबईचं १०४४ लावलं की पोटातली लहर १४९९, मुंबईचंच ५५८ लावलं की १०१३. वजाबाकी करून पाहा, उत्तर दोन्हीकडे ४५५. पुढची सगळी यंत्रणा या एकाच आकड्यावर बेतलेली असते. स्टेशन कुठलंही असो, शेवटी ते ४५५ होऊनच पुढं सरकतं.

आता गंमत अशी, की हा फरक संपूर्ण पट्टीवर सारखा राहावा लागतो. बटण एकच, पण त्याच्या फिरण्यानं दोन वेगळी मंडलं एकदम सरकतात. वर्षं गेली, कॉइल आणि कंडेन्सर किंचित बदलले, की प्रत्येक भाग आपल्या परीनं ठीक असतो आणि तरीही रेडिओ बहिरा होतो. भागांत दोष नाही, त्यांच्यातली सहमती गेलेली असते.

बँकेत वीस वर्षं लेजरवर घालवलेल्या माणसाला हे लगेच कळतं. कॉम्प्युटर येण्याआधीच्या दिवसांत प्रत्येक लेजरची बेरीज आपापल्या जागी बरोबर असे आणि तरी जनरल लेजरशी ताळा जमत नसे. कधी नव्वद पैशांसाठी रात्रीचे नऊ वाजत. मग एखादा जुना हेडक्लार्क येऊन सांगे, ‘फरकाला नवानं भाग जातोय का बघ. जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत.’ चौपन्नचे पंचेचाळीस झाले तर फरक नऊ. ही विद्या ट्रेनिंग कॉलेजात शिकल्याचं मला आठवत नाही, ती टेबलाशेजारी उभं राहून मिळाली. कॉम्प्युटर आले, ताळा आपोआप जमू लागला, ते बरंच झालं. पण त्या हेडक्लार्कबरोबर फरक शोधण्याची नजरही निवृत्त झाली.

भाऊंची नजर तशीच आहे. त्यांनी सिग्नल जनरेटर ४५५ वर लावला आणि स्पीकरला मीटर जोडला. आतल्या पत्र्याच्या चौकोनी डब्या, म्हणजे आयएफटी, शेवटच्या टप्प्यापासून पहिल्या टप्प्याकडे एकेक करत त्यांनी जुळवल्या. त्यासाठी प्लॅस्टिकचा पेचकस. लोखंडी पेचकस जवळ नेला तरी जुळणी बदलते. तो बाजूला घेतला, की केलेलं काम वाया. आतला फेराइटचा गाभा इतका ठिसूळ, की जोर लावला तर तडकतो आणि मग ती डबीच बदलावी लागते. ‘आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या रेडिओंना एकच रोग असतो,’ भाऊ म्हणाले. ‘कुणीतरी उघडलेला असतो आणि ढिले वाटले म्हणून सगळे स्क्रू आवळून ठेवलेले असतात!’

मग मीडियम वेव्ह. पट्टीच्या खालच्या टोकाला, साधारण ६०० वर, कॉइलचा गाभा फिरवायचा. वरच्या टोकाला, साधारण १४०० वर, ट्रिमर फिरवायचा. पण वरचं जुळवलं की खालचं जरासं बिघडतं आणि खालचं नीट केलं की वरचं. म्हणून पुन्हा खाली, पुन्हा वर. प्रत्येक फेरीत चूक कमी होत जाते. चौथ्या-पाचव्या फेरीला दोन्ही टोकं जागेवर बसतात. त्यानंतर फेराइटच्या कांडीवरची एरियल कॉइल केसभर सरकवायची आणि आवाज सर्वांत मोठा येईल तिथं मेणाचा थेंब टाकून ती पक्की करायची.

शॉर्ट वेव्हची तऱ्हा वेगळी. तिथं एकच स्टेशन पट्टीवर दोन ठिकाणी लागतं. एक खरी जागा आणि तिच्यापासून ९१० किलोहर्ट्झ अंतरावर, म्हणजे ४५५च्या दुपटीवर, त्याचं भूत. नवशिका भुताशी जुळणी करून बसतो. मग पट्टीवरचा एकही आकडा खरा निघत नाही. खरं कुठलं आणि भूत कुठलं, हे भाऊ आवाज ऐकून सांगतात. कसं, असं विचारलं तर हसले. ‘पन्नास वर्षं ऐकतोय ना साहेब.’

तीन दुपारी गेल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी रेडिओ गच्चीवर नेला. घरात एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांची अखंड घरघर त्याला ऐकू येत होती. त्याचे कान आता खरंच तिखट झाले होते. गच्चीवर ती घरघर उतरली आणि शॉर्ट वेव्हवर बीबीसी हिंदीची संध्याकाळची सभा स्वच्छ लागली. काटाही छापलेल्या आकड्यावर. दोन-तीन महिने तो नेम चालला. मग ३१ जानेवारी २०२०ला बीबीसीची हिंदी शॉर्ट वेव्ह सेवा बंद झाली. १९४० साली सुरू झालेला आवाज थांबला. माझ्या रेडिओत त्या दिवशी काहीही बिघडलं नव्हतं.

इथं शहाणी माणसं विचारतील, मग हा खटाटोप कशासाठी? मोबाइलवर जगातली स्टेशनं खरखरीशिवाय ऐकू येतात. नाशिकचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र एफएमवर आहे, ते तर तुमच्या जुन्या मीडियम वेव्हच्या रेडिओला लागणारही नाही. दुरुस्तीच्या पैशात नवा संच येतो. हे सगळं खरं आहे. माझ्यातला बँकवालाही सांगतो, की घसारा धरला तर या वस्तूची पुस्तकी किंमत कधीच शून्य झाली.

पण ताळेबंदात वस्तू दिसते, हात दिसत नाहीत. त्या तीन दुपारी मी जे पाहिलं, ते जुन्या रेडिओपुरतं नव्हतं. बिघाड कसा शोधावा, कुठल्या क्रमानं जावं, एक टोक सुधारताना दुसरं बिघडतं हे कसं धरून चालावं, जोर कुठं लावू नये, हे शिक्षण होतं. आणि ते मिळालं, कारण ती वस्तू उघडता येत होती. त्या पिढीच्या काही संचांत पाठीमागच्या झाकणाच्या आत सर्किटचा कागदच चिकटवलेला असे. बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असे, की हा कधीतरी बिघडेल आणि कुणीतरी तो नीट करील. आज आपल्या खिशातला फोन उघडायलाच मुळी परवानगी नसल्यासारखी त्याची बांधणी असते.

सरकारलाही हे जाणवलं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठीचं पोर्टलही सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पावलं योग्य आहेत. मात्र दुरुस्तीचा हक्क मिळाला आणि दुरुस्त करणारा उरला नाही, तर तो हक्क वठवता न येणाऱ्या चेकसारखा होईल. भाऊंच्या दुकानात शिकाऊ मुलगा नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात नोकरी करतो, आणि त्यानं ती का करू नये? बोळातल्या या कामात पोट भरत नाही, कारण आपण तीन दुपारच्या मजुरीवरही घासाघीस करतो. डॉक्टरांची फी मुकाट्यानं देणारे आपण, मेकॅनिकला विचारतो, ‘नुसता स्क्रू तर फिरवलात, एवढे कसले?’

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. नाशिकमध्ये इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, आयटीआय आहेत. त्यांनी अशा जुन्या मेकॅनिकांना वर्षातून चार शनिवार सन्मानानं आणि मानधन देऊन बोलवावं. मुलांच्या हातात एकेक जुना संच द्यावा. एका रेडिओत सगळं इलेक्ट्रॉनिक्स उघडं मांडलेलं असतं. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. जुने सर्किटचे कागद आणि कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअल्स घराघरांत, दुकानांत पिवळी पडत आहेत. ती गोळा करून तिथं जपता आली तर पुढच्या माणसाला निदान नकाशा मिळेल. हातातलं कसब कागदावर पुरतं उतरत नाही, पण नकाशा असलेला बरा.

आणि आपण घरच्यांनी काय करायचं? दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की माळ्यावरचा रेडिओ खाली येईल. भंगारवाल्याला किलोवर घालू नका आणि त्याचं पोट फाडून आत ब्लूटूथही बसवू नका. भाऊंसारखा माणूस शोधा. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या आणि तिथं बाकावर बसू द्या. झाकण उघडल्यावर आत काय आहे, हे मुलांनी विचारलं तर भाऊंसारखी माणसं काम थांबवून सांगतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि ते जी मजुरी सांगतील, ती घासाघीस न करता द्या.