बर्गंडीचें पांढरें मद्य आणि जमिनीची प्रत

फ्रान्सांतील बर्गंडी प्रांतीं शार्डोने जातीच्या द्राक्षापासून जें पांढरें मद्य होतें, त्याचें मोल मुख्यतः जमिनीच्या प्रतीवरून ठरतें. उभी हयात सर्व्हे नंबर व पोटहिस्से यांच्या दप्तरांत घालविलेल्या आम्हांस या व्यवस्थेचें मोठें कौतुक वाटतें. मोंराशे हें तेथील सर्वांत नामांकित क्षेत्र अवघें ८ हेक्टर, म्हणजे सुमारें २० एकर. तेंहि दोन गांवांच्या शिवांत पसरलेलें व अनेक मालकांत वांटलेलें. वांटण्यांनीं तुकडे पडले, पण क्षेत्राचें नांव व बांध मोडला नाहीं. २०१५ सालीं युनेस्कोनें येथील क्षेत्रांस जागतिक वारशांत स्थान दिलें.

परंतु क्षेत्राचें नांव बाटलीवर छापलें म्हणजे आंतील माल टिकेलच, असें मुळींच नाहीं. उत्तम क्षेत्राचें मद्य दहा-वीस वर्षें तळघरांत मुरवावें, असा जुना प्रघात. ताजेपणीं त्यास लिंबाचा, हिरव्या सफरचंदाचा व ओकच्या पिंपाचा वास असतो. मुरल्यावर भाजलेल्या बदामाचा व मधाचा येतो, आणि आंबटपणा तरीहि शाबूत राहतो. हीच खरी परीक्षा. १९९५-९६ च्या हंगामांपासूनच्या पुष्कळ बाटल्या मात्र अकालीं तपकिरी पडल्या. वास चेचलेल्या सफरचंदाचा, चव मेलेली. गंधकाचें कमी केलेलें प्रमाण, द्राक्षें पिळण्याची बदललेली रीत, पिंपांतील गाळ वरचेवर ढवळणें, अशीं नाना कारणें जाणते सांगतात. एकाच पेटींतील एक बाटली अमृतासारखी व शेजारची टाकाऊ निघते, त्या अर्थीं बुचाचा दोष मोठा, असें आमचें मत आहे. कित्येक उत्पादकांनीं पुढें बुचें बदललींहि.

तथापि नुकसान बसलें तें ज्यानें भरमसाट पैका मोजून वर्षानुवर्षें वाट पाहिली त्या गिऱ्हाइकास. म्हणून बाटली भरल्याची तारीख व बुचाचा प्रकार चिठ्ठीवर छापणें उत्पादकावर बंधनकारक असावें. अकलूजकडे शार्डोने लावणाऱ्या आपल्या बागाईतदारांनींहि हें आपण होऊन करावें. सक्तीची वाट कशाला पाहावी?

गिऱ्हाइकानें पेटींतील एक बाटली पांचव्या वर्षीं फोडून पाहावी. रंग गडद सोनेरी झाला असल्यास बाकीच्या ठेवूं नयेत. चाखतांना मात्र बाटली बर्फांत गारठवूं नये, १२-१३ अंशांवर असावी; अति गारठ्यानें वास दबतो आणि दोषहि लपतो.