हे सगळं कळतं कसं?

सुटीत बंगळुरूला बहिणीकडे गेले होते. रात्री गच्चीवर भाचीनं तारे मोजले, अकरा भरले! शहराच्या झगमगाटात दुसरं काय होणार? सहावीतली ही मुलगी ग्रहांची नावं घडाघडा म्हणते. पण “मावशी, हे सगळं कळतं कसं गं?” असं तिनं विचारलं, तेव्हा बहीणच मध्ये म्हणाली, “परीक्षेला तेवढं नसतं.” मला ते खटकलं. खरं तर खगोलशास्त्र शिकायला याच प्रश्नापासून सुरुवात करावी.

उदाहरण शोधायला लांब जायला नको. बंगळुरूजवळ होसकोटे इथं भारतीय खगोलभौतिकी संस्थेची धूळविरहित प्रयोगशाळा आहे. तिथं तयार झालेली अतिनील किरण टिपणारी जोड दुर्बीण २०१५ साली ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहातून अवकाशात गेली. जमिनीवर ती ठेवून उपयोग नव्हता, कारण असे बहुतेक किरण पृथ्वीचं वातावरण वरच्या वरच शोषून घेतं. (म्हणून तर आपण सुखरूप आहोत!)

ऑक्टोबर २०१६ मध्ये या दुर्बिणीनं आकाशाचा एक इवलासा तुकडा २८ तासांहून अधिक काळ न्याहाळला. त्यात एका दीर्घिकेचे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या एका समूहाचे, अतिनील किरण सापडले. ते खरोखर तिचेच आहेत याची खात्री करायला जवळजवळ दोन वर्षं गेली. पुण्याच्या ‘आयुका’तले डॉ. कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शोध २०२० साली जाहीर केला. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, आपल्या दुर्बिणीचे दोन आरसे प्रत्येकी घरातल्या परातीएवढे, सुमारे ३७ सेंटिमीटरचे. तरीही हबलला न दिसलेलं यांना दिसलं, कारण या यंत्रातली स्वतःची खरखर फार कमी होती.

ती दीर्घिका ९३० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे तिचा प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीही नव्हती. पण हे अंतर मोजलं कुणी, कोणत्या टेपनं?

भाचीला मी शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक आणायला सांगितलं. त्यावर पेनानं नागमोडी रेघ काढली आणि दोन्ही टोकं ओढली. वळणं लांबलांब झाली. विश्व प्रसरण पावतं तेव्हा वाटेतल्या प्रकाशाच्या लहरीही अशाच ताणल्या जातात. प्रत्येक मूलद्रव्याच्या लहरींची मूळ लांबी प्रयोगशाळेत मोजलेली असते. आलेली लांबी तिच्याशी ताडून पाहायची. या दीर्घिकेच्या लहरी सुमारे २.४ पट लांबल्या होत्या. त्यावरून प्रकाश किती काळ वाटेत होता, याचं गणित मांडता येतं. भाचीनं लगेच पट्टी आणली आणि इलॅस्टिक २.४ पट ताणायच्या नादात ते तोडलं. बहिणीची बोलणी मात्र मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिघी चौडय्या रस्त्यावरच्या जवाहरलाल नेहरू तारांगणात गेलो. घुमटाखाली अंधार झाला आणि गच्चीवर न दिसलेले शेकडो तारे डोक्यावर उगवले. भाची कानाशी कुजबुजली, “मावशी, ती दीर्घिका आत्ता कशी असेल?”

“तिचा आत्ताचा प्रकाश इथं यायचाय अजून.”

पलीकडून बहीण म्हणाली, “अगं, मग कळायचं कसं?”